उद्घोषणेतलं राहून गेलेलं वाक्य

प्रति,
सर्व विमान कंपन्यांच्या केबिन सेवा विभागांतले, विमानात स्पीकरवरून काय बोललं जावं हे ठरवणारे अधिकारी

विषय : लांब पल्ल्याच्या विमानात सीट मागे घेण्याबाबत एक वाक्य वाढवून मिळणे

स. न. वि. वि.

विमानात सीट मागे घ्यावी की नाही, या भांडणाचे दोन्ही पक्ष आमच्या घरात एकाच छताखाली नांदतात. माझ्या कमरेतल्या दोन चकत्या झिजल्या आहेत. ताठ बसून राहिले की तिसऱ्या तासाला उजव्या पायात मुंग्या येतात आणि पाचव्या तासाला मी माणसांत राहत नाही. त्यामुळे विमानात मला सीट मागे घ्यावीच लागते. नवरा सहा फूट दोन इंच. तो बसला की त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकलेलेच असतात. पुढच्याने पाठ टाकली की त्याला पाय आइलमध्ये सोडावे लागतात, आणि मग ट्रॉली येते. तो स्वतः कधीही सीट मागे घेत नाही. मी घेतली की पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे असं बघतो, जणू मी कुणाच्या तरी ताटातला घास उचलला.

एकदा चौदा तासांच्या प्रवासात आम्ही शेजारी शेजारी बसून यावर वाद घातला. वाद संपला नाही, कारण त्याचं म्हणणं मला पटत होतं आणि माझं त्याला. हे फार वैतागाचं असतं. शेवटी त्याने विचारलं, "मग हे ठरवायचं कुणी?" त्या वेळी स्पीकरवर तुमची बाई ड्यूटी-फ्रीबद्दल बोलत होती.

हे पत्र तिथून सुरू झालं.

आधीच सांगते, इंच वाढवून मागणारं हे पत्र नाही. ती लढाई दुसरे लोक लढत आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने 'आकसत चाललेल्या विमानसीटचा अजब खटला' अशा शब्दांत एका निकालाची सुरुवात केली होती. दोन रांगांमधलं अंतर एकेकाळी सरासरी ३५ इंच असायचं, ते ३१ वर आलं आणि काही विमानांत २८ वर, ही तक्रार त्यात होती. पुढच्या वर्षी तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदा करून सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं. ते ज्यांनी करायचं ते करतील. तुमच्या विभागाच्या हातात इंच नाहीत हे मला माहीत आहे. तुमच्या हातात माइक आहे.

त्या माइकवरून तुम्ही काय बोलता ते मला पाठ झालंय. टेक-ऑफला सीट सरळ, ट्रे बंद, खिडकीचं झापड वर. लँडिंगला पुन्हा तेच. यामागचं कारणही पक्कं आहे. निम्मे दरवाजे बंद आहेत असं धरूनही सगळं विमान ९० सेकंदांत रिकामं करता आलं पाहिजे, ही विमानाला मान्यता देतानाची अट आहे. खिडकीजवळच्या माणसाला बाहेर पडायला वाट हवी, आणि पुढची पाठ कललेली असेल तर ती वाट अरुंद होते. हे कारण तुम्ही प्रवाशांना फारसं सांगत नाही, नुसतं 'सीट सरळ करा' म्हणता. आणि तीनशे माणसं निमूटपणे सीट सरळ करतात. कमरेच्या चकत्या झिजलेलीही करते, दिवसभर उभी राहून आलेलीही करते. टेक-ऑफच्या वेळी पुढच्या-मागच्या प्रवाशांची सीटवरून जुंपली, असं निदान मी तरी कधी ऐकलेलं नाही.

भांडणं होतात ती सीटबेल्टचा दिवा विझल्यानंतर, म्हणजे तुम्ही गप्प बसता तेव्हा.

ऑगस्ट २०१४ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचं नेवार्कहून डेन्व्हरला निघालेलं विमान शिकागोला उतरवावं लागलं. एका प्रवाशाने 'नी डिफेंडर' नावाच्या दोन प्लास्टिकच्या खुंट्या आपल्या ट्रेच्या दांड्यांना लावून पुढची सीट अडकवून टाकली होती. पुढच्या बाईंनी शेवटी त्याच्या अंगावर पाणी फेकलं. दोघंही जास्त लेगरूम असलेल्या रांगांत बसले होते, हे मुद्दाम सांगते. कुणाला वाटेल की इंच वाढले की प्रश्न मिटतो. पुढच्या आठ-नऊ दिवसांत सीटच्याच भांडणापायी आणखी दोन विमानं भलत्याच ठिकाणी उतरली. त्यांतलं एक तर मायामीहून पॅरिसला निघालेलं होतं. इंधन, वेळ, पुढची चुकलेली विमानं हा सगळा हिशेब करणारी माणसं तुमच्याकडे आहेतच. एका वाक्याला किती इंधन लागतं तेही त्यांना विचारून बघा.

त्याच वर्षी ख्रिस्तोफर बुकाफुस्को आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी एक ऑनलाइन पाहणी केली होती. काही लोकांना सांगितलं की सीट मागे घ्यायचा हक्क पुढच्याचा आहे असं धरा. मग तो हक्क सोडायला पुढच्यांनी सरासरी ४१ डॉलर मागितले. मागच्यांची तयारी होती १८ ची. दुसऱ्या काही लोकांना उलट सांगितलं, की मोकळी जागा मागच्याची, पुढच्याने ती विकत घ्यावी. आता मागचे लोक ३९ च्या खाली येईनात आणि पुढचे १२ च्या वर जाईनात. म्हणजे जागेची खरी गरज कुणाला, हे पैशाने कळलंच नाही. ज्याला 'ही तुझी' असं सांगितलं, त्याने ती मुठीत धरली.

आणि तुम्ही काय करता? दोघांनाही सांगता, ही तुझी. पुढच्याच्या हाताशी बटण बसवता. मागच्यासमोर ट्रे, टीव्हीचा पडदा आणि चार्जिंगची सोय लावता आणि 'आपलं काम करत प्रवास करा' म्हणून जाहिरात करता. तीच हवा दोघांना दिलेली असते. बटण दाबलं गेलं की एकाची हवा जाते, आणि ती घेतली कुणी हे त्याला समोर दिसत असतं. तुम्ही दिसत नाही.

(त्या पाहणीतली एक गोष्ट मात्र मला आवडली. पैशांऐवजी मागच्याने एखादं पेय किंवा काही खायला देऊ केलं, तर तीन चतुर्थांशांहून जास्त लोक सीट सरळ ठेवायला राजी होते. नवऱ्याला हे सांगितल्यापासून तो विमानात बसताना जास्तीची चॉकलेटं घेतो. अजून एकही कुणाला दिलेलं नाही. सगळी तोच खातो.)

आता माझ्या हातून झालेलं सांगते, म्हणजे हे पत्र कुणा सोवळ्या बाईने लिहिलंय असं वाटायला नको.

रात्रीचं विमान होतं. जेवणाचे ट्रे उचलून नेले, दिवे अजून चालूच होते. कमरेने कधीचा धोशा लावला होता. मी बटण दाबलं आणि पाठ टाकून दिली, अगदी घरच्या आरामखुर्चीत टाकावी तशी. मागून 'कट' असा बारीक आवाज आला. मागे पंचविशीतली एक मुलगी होती. तिने लॅपटॉपचा पडदा माझ्या सीटच्या पाठीवर, ट्रे अडकवायची खिट्टी असते तिथल्या खाचेत टेकवला होता. ट्रे जागचा हलत नाही, पाठ मात्र वरून खाली येते. मधे सापडलेल्या पडद्याने जावं कुठे? वरच्या कोपऱ्यातून तड्यांचं जाळं पसरलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "उद्या प्रेझेंटेशन होतं," एवढंच म्हणाली. मी दुरुस्तीचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. तुमची एअरहोस्टेस आली, आम्हा दोघींनाही सॉरी म्हणाली आणि निघून गेली. तिला बोलायला काही नव्हतंच, कारण तिला कुणी वाक्य दिलेलं नव्हतं. पुढचे नऊ तास मी सीट सरळ ठेवून बसले. त्याने तिचा लॅपटॉप दुरुस्त झाला नाही, माझी कंबर मात्र बिघडली.

नियम मी मोडला नव्हता, तिनेही नाही. मी मागे वळून बघितलं असतं तर दोन सेकंद लागले असते. तेही मला सुचलं नाही, कारण वीस वर्षांच्या प्रवासात कुणी कधी तसं सांगितलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी एकाने सांगितलं होतं, पण विमानात नाही. २०२० मध्ये, सीटवर मागून ठोसे मारणाऱ्या एका प्रवाशाचा व्हिडिओ गाजत होता, तेव्हा डेल्टा विमान कंपनीचे प्रमुख एड बास्टियन टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाले की मागे घ्यायची असेल तर आधी मागच्याला विचारावं, हे योग्य. आपण स्वतः कधी मागे घेत नाही असंही ते म्हणाले. छान. पण जो सल्ला जगाला टीव्हीवरून देता येतो, तो रांग २७ ला स्पीकरवरून का देता येत नाही? मी केलेल्या प्रवासांत तो मी एकदाही ऐकलेला नाही.

कुणी म्हणेल, बटणच काढून टाका. काही कंपन्यांनी काढलंच आहे. रायनएअरच्या सीट हलत नाहीत. डेल्टाने २०१९ मध्ये आपल्या एअरबस ए३२० विमानांत इकॉनॉमीची पाठ चार इंचांऐवजी दोनच इंच मागे जाईल असं करून घेतलं. दीड-दोन तासांच्या प्रवासाला माझी हरकत नाही. तेवढा वेळ आपण दाताच्या डॉक्टरकडेही बसतो. पण बारा-चौदा तास? कॅथे पॅसिफिकने एकदा लांब पल्ल्यासाठी वेगळी युक्ती केली होती. सीटला मागून टणक कवच, आणि मागे रेलण्याऐवजी बूड पुढे सरकायचं. मागच्याची जागा शाबूत, पण स्वतःचे गुडघे समोरच्या कवचावर. प्रवाशांना ती इतकी नकोशी झाली की पुढच्या पिढीच्या सीटमध्ये कंपनीने ती सोडून दिली. रात्रभर बसून झोपायचं तर पाठीला थोडा कल लागतोच. तासांचा हिशेब तुम्हालाही कळतो. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या अठरा-एकोणीस तासांच्या उड्डाणासाठी सिंगापूर एअरलाइन्सने जी विमानं घेतली, त्यांत १६१ सीट ठेवल्या आणि इकॉनॉमी वर्गच ठेवला नाही.

तेव्हा बटण राहू द्या. वेळ ठरवून द्या.

हे मी मनाने रचत नाहीये, एकदा बघितलंय. विमान कुठलं ते सांगत नाही. त्या बाईंनी लिहून दिलेल्या मजकुराबाहेर जाऊन बोलल्याबद्दल कुणी त्यांना जाब विचारायला नको. पन्नाशीच्या असाव्यात, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. जेवण झालं, ट्रे गेले, आणि त्या स्पीकरवर म्हणाल्या, "आता मी दिवे मंद करते आहे. ज्यांना सीट मागे घ्यायची आहे त्यांनी मागे एकदा बघा, मागच्याच्या हातात कप नाही ना, समोर लॅपटॉप नाही ना, आणि मग सावकाश घ्या. सकाळी दिवे लागले की सगळ्यांनी सरळ करायची." त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी."

पिकावरून वारा जावा तशी पुढून मागे रांगामागून रांग कलत गेली. माझ्यापुढचे गृहस्थ वळले, माझ्या ट्रेकडे बघितलं, मान हलवली आणि हळूहळू मागे आले. मग मी वळले. मागच्या मुलाने पटकन पाण्याची बाटली उचलली आणि हसला. पुढचा पडदा माझ्या डोळ्यांपासून जितका होता तितकाच राहिला, कारण मीही तेवढीच मागे गेले होते. हे तोवर माझ्या ध्यानातच आलेलं नव्हतं. सगळे एकदम रेलले तर चेहऱ्यासमोरचं अंतर फारसं कुणाचं कमी होत नाही. कमी होतं ते एकटाच रेलतो तेव्हा, मागचा ताठ बसून जेवत असताना.

फारसं कुणाचं म्हटलं, कारण दोन प्रकारची माणसं उरतात. एक माझ्या नवऱ्यासारखे लांब पायांचे. सीट वळते ती बुडाजवळच्या सांध्यात, त्यामुळे गुडघ्यापाशी ती कमी सरकते हे खरं. पण ज्याच्या गुडघ्याला आधीच शून्य जागा आहे त्याला अर्धा इंचही कळतो. त्याच्यासाठी 'मागे बघा' हेच औषध. बघितलं की दिसतं, आणि दिसलं की बहुतेक माणसं अर्ध्यावर थांबतात. दुसरी, शेवटच्या रांगेतली. त्यांच्या मागे स्वच्छतागृहाची किंवा पॅन्ट्रीची भिंत. पुढचा त्यांच्यावर येतो, ते कुठेच जाऊ शकत नाहीत. काही विमानांत आपत्कालीन दरवाजाच्या पुढच्या रांगेचंही असंच असतं. दरवाजाची वाट मोकळी राहावी म्हणून तिथली पाठ जखडलेली असते. विमानात शिरल्यावर बटण दाबून दाबून अंगठा दुखला की मग कळतं. सीट निवडताना नकाशावर ते साध्या शब्दांत छापा, एवढं तरी करा. आणि त्यांच्या अगदी पुढच्या रांगेला तुमच्या माणसाने जाऊन हळूच सांगावं, की मागच्यांची सीट मागे जात नाही, बेताने घ्या. सहा-आठ माणसांना सांगायचं असतं.

मागच्यांनीही साळसूदपणा करू नये. समोरचा पडदा दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यामागे आहे हे विसरून त्यावर दाराची कडी वाजवावी तशी बोटं आपटणारे मागेच बसतात. उठताना माझ्या सीटचा माथा धरून लोंबकळणारे आणि त्याबरोबर माझे केस ओढणारेही तेच. उठायला मात्र हवंच. चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता बसलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात आलं होतं. मुळात तो धोका कमीच, साधारण सहा हजारांत एक, तरी उठा. स्वतःच्या हाताच्या टेकूवर जोर देऊन उठा.

तुमच्या शंका मी ओळखून आहे. क्रूला आधीच ढीगभर कामं आहेत. खरं आहे, पण आता होतं काय? रात्री दोन वाजता बेल वाजते आणि दोन संतापलेल्या माणसांमध्ये तीच मुलगी उभी राहते, हातात कुठलाही नियम नसताना. दिवसाच्या विमानात काय? तिथेही जेवणं असतात आणि जेवणांमधला वेळ असतो. जेवणाला सरळ, एरवी बघून आणि सावकाश. कुणाला दुखणं आहे, कुणी गरोदर आहे, त्यांना आधी मागे घ्यावी लागली तर? त्यांनी तसं क्रूला सांगावं आणि क्रूने मागच्याला सांगावं. मी स्वतः सांगेन. अनोळखी माणसाला माझ्या चकत्यांची हकिगत ऐकवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आणि जेवणाच्या वेळी सरळ करा असं तर तुमच्यातले बरेच जण आजही रांगेतून जाता जाता सांगतात. म्हणजे अर्धं वाक्य तुम्ही बोलताच. मला उरलेलं अर्धं हवंय, कारण 'आता मागे घेतली तरी चालेल' हे तुम्ही म्हणेपर्यंत मागे घेणारी प्रत्येक बाई चोरासारखी मागे घेते, नाहीतर दरोडेखोरासारखी.

मसुदा करायला तुम्हाला समिती लागेल, म्हणून मीच करून देते :

"जेवण झालं आहे, दिवे मंद करत आहोत. आता सीट मागे घेता येईल. घेण्याआधी मागे बघा आणि सावकाश घ्या. पुढच्या जेवणाआधी दिवे लागतील, तेव्हा सर्वांनी सीट सरळ करावी."

मी घड्याळ लावून वाचलं. पंधरा सेकंदही लागले नाहीत. ड्यूटी-फ्रीच्या घोषणेला किती लागतात ते तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघतोय. तेरा तास. नवऱ्याला आइलची सीट मिळाली आहे, मला शेवटच्या रांगेतली मधली. नकाशावर ती इतर सीटसारखीच दिसत होती.

कळावे,

आपली,
रांग ५८, मधली सीट, मागे भिंत

ता. क. : नवऱ्याने पत्र वाचलं. त्याचं म्हणणं, मसुद्यातल्या 'सावकाश' या शब्दाखाली रेघ मारा. मी म्हटलं, स्पीकरवर रेघ ऐकू येत नाही. तर म्हणाला, मग दोनदा म्हणायला सांग.